मेथोट्रेक्सेट पुरत नाही. मग पुढे गुडघ्यात इंजेक्शन, पंधरवड्याचं पेन की रोजची गोळी?

आमवातावर तीन महिने मेथोट्रेक्सेट घेऊनही सकाळी मूठ वळत नसेल, तर डॉक्टर पुढच्या औषधाचं नाव काढतात. त्याआधी एक विचारून घ्या: तेच मेथोट्रेक्सेट त्वचेखालच्या इंजेक्शनने घेतलं तर? आठवड्याला १५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की गोळी पूर्ण शोषली जात नाही. हा सगळ्यात स्वस्त बदल. (ते चालू असताना हुर्राकचा (काजूच्या दारूचा) हंगाम मात्र लांबूनच बघायचा.)

एकटा गुडघाच सुजत असेल तर सांध्यात थेट स्टिरॉइड. काही दिवसांत सूज उतरते, आराम काही आठवडे, कधी काही महिने टिकतो. मधुमेह्यांची साखर थोडे दिवस चढते. एकाच सांध्यात वर्षाला तीन-चारपेक्षा जास्त वेळा सहसा देत नाहीत, आणि बाकीच्या सांध्यांतला आजार तसाच चालू राहतो.

हात, पाय, मनगटं सगळंच धरलं असेल तर निवड अडालिमुमॅब आणि टोफासिटिनिब यांच्यात येते. पहिलं टीएनएफ हे दाह पेटवणारं प्रथिन पकडतं. दर दोन आठवड्यांनी एकदा, ४० मिलिग्रॅमचं पेनमधलं इंजेक्शन, पोटावर किंवा मांडीवर. दुसरी ५ मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून दोनदा. ती पेशीच्या आत जाणारा दाहाचा संदेश अडवते. मेथोट्रेक्सेटच्या जोडीने दोन्हींचा गुण साधारण सारखाच, हे २०१७च्या चाचणीत दिसलं. म्हणून निर्णय इतर गोष्टींवर होतो.

पेन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. मूळ औषधाच्या पत्रकात फ्रीजबाहेर १४ दिवसांची मुभा आहे, पण २५ अंशांपर्यंतच, आणि आपल्याकडे घरात इतका गारवा क्वचितच. गोव्यातल्या पेडणे किंवा सत्तरी तालुक्यात पावसात रात्रभर वीज गेली तर काय करायचं ते आधीच ठरवा. बांबोळीच्या इस्पितळातून घरी नेताना पेन बर्फाला टेकू देऊ नका. गोठलेलं औषध टाकूनच द्यावं लागतं. गोळीला ही कटकट नाही, आणि जेनेरिकमुळे ती बरीच स्वस्तही पडते.

तरी पन्नाशी ओलांडलेल्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा हृदयविकार असलेल्या माणसासाठी मी पेनच सुचवेन. अशा रुग्णांत टोफासिटिनिबवर हृदयविकाराचे झटके, रक्ताच्या गुठळ्या आणि कर्करोग जास्त दिसले. अमेरिकी औषध प्रशासनाने २०२१मध्ये तसा इशारा दिला. नागीणही गोळीवर जास्त उठते. मूल हवं असेल तर मेथोट्रेक्सेट आधीच काही महिने बंद करावं लागतं आणि टोफासिटिनिबही टाळतात. अडालिमुमॅब डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू शकतं.

दोन्हींआधी क्षयाची तपासणी, म्हणजे छातीचा एक्स-रे आणि मँटू (त्वचेवरची चाचणी) किंवा रक्तचाचणी, आणि हेपेटायटिस बी. लपलेला क्षय या औषधांनी उसळतो, त्यामुळे ‘मला कुठे खोकला आहे’ म्हणून ती टाळू नका.

सुजलेल्या सांध्यातल्या झिरपणाऱ्या रक्तवाहिन्यांतून नेमकं तिथेच उतरणाऱ्या, औषध भरलेल्या लायपोसोमच्या (चरबीच्या) सूक्ष्म कणांबद्दल वाचलं असेल. ते अजून संशोधनात आहे. त्याच्या भरवशावर उपचार लांबवले तर हाडाची झीज मात्र थांबत नाही.