नोकरी सांभाळून डिजिटल मॅन्युफॅक्चरिंगचा पीजी कोर्स, जळगावहून केला, कसा आहे ते सांगतो

संस्थेचं नाव टाकत नाही. शनिवार-रविवार ऑनलाईन क्लास, रेकॉर्डिंग, शेवटी प्रोजेक्ट आणि मग पीजी सर्टिफिकेट. डिग्री नाहीये भो ही, एमटेक समजून पैसे भरू नका, आणि फी सांगतात ती १८ टक्के जीएसटी धरून की सोडून ते पण विचारून घ्या, फोनवाली मॅडम आपणहून सांगत नाही.

मी एमआयडीसीत पीव्हीसी पाईपच्या लाईनवर मेंटेनन्स बघतो. पैसे वसूल झाले ते मशीनमधून डेटा काढायच्या भागात. आमच्या टेम्परेचर कंट्रोलरला मागे आरएस-४८५ चे टर्मिनल (डेटा बाहेर काढायची वायर जोडायची जागा) आहेत, तिथं कधी कोणी वायरच जोडली नव्हती. मॉडबसने (मशीनशी डेटाची देवाणघेवाण करायची भाषा) बॅरलच्या, म्हणजे पीव्हीसी वितळतं त्या गरम नळीच्या, झोनचं टेम्परेचर वाचायचं, मोटरच्या एका फेजच्या वायरला सीटी (करंट मोजायची रिंग) अडकवून करंट घ्यायचा, एमक्यूटीटीने (नेटवर्कवरून छोटे मेसेज पाठवायची पद्धत) कॉम्प्युटरवर पाठवायचं, सरांनी हे इतकं नीट शिकवलं की प्रोजेक्टला मी तेच केलं, जुन्याच मशीनवर, त्यामुळे शेठ पण खुश.

ओईई, म्हणजे मशीनचा खरा उपयोग किती टक्के होतो तो आकडा, पण तिथंच डोक्यात शिरलं. मशीन चालू ९० टक्के, स्पीड ९० टक्के, चांगला माल ९५ टक्के, ऐकायला भारी, पण गुणाकार केला की ७७ च्या आसपास. आमच्याकडे रजिस्टरमध्ये नुसतं "लाईट गेली" लिहायचे. पण लाईटचा एक झटका बसला की लाईन थांबते, पीव्हीसी बॅरलमध्ये जळायच्या आत बाहेर काढा, परत सेटिंग, आणि साईज लागेपर्यंतचा सगळा पाईप ग्राइंडरला, हे स्क्रीनवर दिसायला लागलं तेव्हा ऑपरेटर म्हणे, साहेब, आता मले विचारायचं कामच नाही का!

बाकी एआय आणि डिजिटल ट्विन (मशीनची कॉम्प्युटरवरची नक्कल) म्हणजे नुसत्या स्लाईड आणि व्हिडिओ. उदाहरणं सगळी गाड्यांच्या कारखान्यातली, रोबोटवाली. बेअरिंग कधी जाईल ते रेडीमेड डेटावर ओळखायला शिकवलं, पण आपल्याकडे तो डेटा आधी जमवावा लागतो त्याचं काय? आणि जळगावचा मे महिना त्यांच्या सिलॅबसमध्ये नाही, शेडमधल्या पॅनलमध्ये गेटवे (मशीनचा डेटा कॉम्प्युटरकडे पाठवणारा डबा) तापून बंद पडायचा, शेवटी पॅनलला फॅन लावला. ग्रुपवर प्रश्न टाकला तर उत्तर येईपर्यंत आपणच काहीतरी जुगाड केलेला असतो. नोकरी लावून देतो म्हणतात त्यावर जाऊ नका, मला सगळ्या आयटीच्याच जाहिराती आल्या.

पाचपैकी साडेतीन स्टार, त्यातला एक मॉडबसवाल्या सरांचा.

हातात मशीन नसेल, नुसतं सीव्हीला लावायचं असेल तर आधी एनपीटीईएलवर (आयआयटीवाल्यांच्या ऑनलाईन कोर्सची साईट) आयआयटी खरगपूरचा इंडस्ट्री ४.० आणि आयआयओटीचा (कारखान्यातली मशीन नेटला जोडायचा) कोर्स बघा, बघायला फुकट आहे, परीक्षा द्यायची तरच फी. चटईवाले, डाळमिलवाले कोणी विचार करत असाल तर मालकाला आधीच विचारून ठेवा, मशीनला वायर जोडू देणार का, तो नाही म्हटला तर प्रोजेक्ट कागदावरच होतो.