सूर्यमालेचं फिरतं मॉडेल, आठ महिने वापरल्यानंतर

मागच्या दिवाळीत पोरीसाठी हे बॅटरीवर फिरणारं सूर्यमालेचं मॉडेल ऑनलाइन मागवलं, साडेआठशेला पडलं, पोरगी चौथीत आहे आणि शेजारची दोन-तीन लेकरं रोज संध्याकाळी आमच्याकडेच असतात त्यामुळे वापर भरपूर झाला, म्हणून आता लिहिते.

आधी चांगलं सांगते. मधल्या सूर्यात बल्ब आहे, खोलीतले लाइट बंद करून तो लावला की पृथ्वीच्या अर्ध्या गोळ्यावर उजेड आणि अर्ध्यावर अंधार स्पष्ट दिसतो. मी भारतावर लाल टिकली चिकटवली आणि गोळा हळूहळू फिरवला. टिकली अंधारात गेली तशी पोरगी ओरडली, "आई, नागपुरात रात्र झाली!" दिवस-रात्र परत कधी समजवावं लागलं नाही, पैसे तिथेच वसूल.

पण सगळे ग्रह एकाच वेगाने फिरतात, हे मला अजिबात पटलं नाही. शेजारच्या पोराने लगेच विचारलं, "मावशी, मंग गुरूवरचं वर्ष पण आपल्याएवढंच असते का?" गुरूला सूर्याभोवती फिरायला जवळपास 12 वर्षं लागतात, बुधाला फक्त 88 दिवस. मग वही घेऊन हिशेब केला, आमची 9 वर्षांची पोरगी बुधावर 37 वर्षांची निघाली आणि गुरूवर तिचा पहिला वाढदिवससुद्धा झालेला नाही!

अंतरं तर पार चुकीची, सगळे वीतभर जागेत. त्यासाठी आम्ही 7 सेंटिमीटरचं संत्रं सूर्य म्हणून कॉलनीच्या गेटवर ठेवलं. त्या मापाने पृथ्वी म्हणजे रव्याचा कण, साडेसात मीटरवर. गुरू वाटाण्याएवढा, 39 मीटरवर. नेपच्यून 226 मीटरवर, म्हणजे किराणा दुकानाच्याही पुढे, तिथून वळून पाहिलं तर संत्रं दिसेना. लेकरं एकदम गप्प झाली.

अजून एक, पृथ्वी सरळ उभी आहे, साडेतेवीस अंशांचा कलच दिलेला नाही, मग ऋतू कसे शिकवणार? मी दांडी काढून वाकवलेली तार बसवली. मे संपता संपता गच्चीवर स्टीलचा ग्लास उपडा ठेवला, पाय भाजत होते पण कोणी हललं नाही, बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास ग्लासची सावली त्याच्या बुडाखाली गायब. शून्य सावली, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर! दिल्लीत हे कधीच दिसत नाही कारण सूर्य तिथे डोक्यावर येतच नाही, हे तारेवरच्या गोळ्यावर लगेच दाखवता आलं.

पाचव्या महिन्यात गिअर गेला, कटकट आवाज यायचा, विक्रेत्याने मेसेजला उत्तर दिलं नाही. दांड्या मात्र सुट्या झाल्या, आता बुध भरभर आणि शनी हळू असं हातानेच फिरवतो.

पहिली-दुसरीच्या लेकरांसाठी जरूर घ्या. मोठ्यांना याच्यासोबत नागपूरच्या रमण सायन्स सेंटरमधला तारांगणाचा शो दाखवाच. आणि तीन पेन्सिल सेल आधीच आणून ठेवा, बॉक्समध्ये येत नाहीत.