पायवेव्हलेट्स: बहुवाहक दळणवळणासाठी वेव्हलेट निवडताना

मुंबईतील अभियांत्रिकी महाविद्यालयांत वेव्हलेट पॅकेट मॉड्युलेशनवर (वेव्हलेट या छोट्या तरंगांवर माहिती बसवून ती अनेक उपवाहकांतून, म्हणजे शेजारशेजारच्या अरुंद वारंवारता-पट्ट्यांतून, एकदम पाठवण्याच्या पद्धतीवर) प्रकल्प करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मी पायथनमधील ‘पायवेव्हलेट्स’ ही मुक्त लायब्ररी आग्रहाने सुचवते. हार, डॉबेशी, सिमलेट, कॉइफ्लेट आणि बायऑर्थोगोनल ही वेव्हलेटांची सारी कुळे तिच्यात विनामूल्य मिळतात.

वेव्हलेटचे नाव दिले की फिल्टरची (वेव्हलेट घडवणाऱ्या गुणकांच्या संचाची) लांबी, ऑर्थोगोनॅलिटी (तरंग एकमेकांत मिसळत नाहीत ना) आणि सममिती लगेच समोर येते. परंतु शेजारच्या पट्ट्यात किती ऊर्जा झिरपते, ही उपवाहकांच्या दृष्टीने कळीची बाब तिथे दिलेली नसते. ती फिल्टरच्या गुणकांवरून स्वतः काढावी लागते. ती काढल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते: समान क्रमांकाच्या डॉबेशी आणि सिमलेट फिल्टरांचा आयाम-प्रतिसाद (कोणती वारंवारता किती प्रमाणात पुढे जाते) एकच असतो, फरक केवळ कलेचा (फेजचा) असतो. त्यामुळे झिरप कमी करण्यासाठी या दोहोंत निवड करत बसण्यात अर्थ नाही.

खरा प्रश्न लांबीचा आहे. प्रत्येक पातळीवर पट्टे दुभागणाऱ्या, सहा पातळ्यांच्या पूर्ण वृक्षातून 64 उपवाहक मिळतात. हारचे तरंगरूप 64 नमुन्यांत संपते, तर 20 गुणकांच्या ‘डीबी10’चे (डॉबेशी कुळातील दहाव्या क्रमांकाच्या वेव्हलेटचे) 1198 नमुन्यांपर्यंत पसरते. पट्टे अधिक नेटके होतात, पण लागोपाठची चिन्हे (पाठवलेल्या माहितीचे तुकडे) एकमेकांवर चढतात आणि ओएफडीएम या प्रचलित बहुवाहक पद्धतीमधील सायक्लिक प्रिफिक्सचा (प्रत्येक चिन्हाआधी जोडलेल्या त्याच्याच शेवटच्या भागाचा) आधार उरत नाही, म्हणून लोअर परळसारख्या उंच इमारतींच्या भागात, जिथे परावर्तने अनेक असतात, सगळा भार इक्वलायझरवर (वाटेत आलेली विकृती दुरुस्त करणाऱ्या भागावर) येतो. अशा ठिकाणी मी मध्यम लांबीचा फिल्टरच पसंत करते. बायऑर्थोगोनल कुळ मी टाळते, कारण संकेत ग्रहण करणाऱ्या यंत्रातील (रिसीव्हरमधील) गोंगाट त्यामुळे परस्परसंबंधित होतो.

लायब्ररीत आपोआप लागू होणारा ‘सिमेट्रिक’ मोड (संकेत कडांपलीकडे आरशासारखा वाढवण्याची पद्धत) मात्र इथे चालत नाही. प्रतिमा-संकोचनात आधी विश्लेषण (संकेताचे गुणकांत विभाजन) आणि मग संश्लेषण (गुणकांपासून पुन्हा संकेत) होते; प्रेषणात क्रम उलटा असतो, आणि कडांवर जास्तीचे गुणक निर्माण करणाऱ्या या मोडमध्ये पाठवलेली माहिती जशीच्या तशी परत मिळत नाही. त्याऐवजी ‘पिरियडायझेशन’ (संकेत संपताच पुन्हा सुरुवातीपासून येतो असे मानणारा मोड) निवडावे. पॅकेट वृक्षाची पाने वारंवारतेच्या क्रमाने हवी असल्यास तोही पर्याय स्पष्टपणे मागावा लागतो. हे दोन्ही इशारे माहितीपुस्तिकेत दळणवळणाच्या संदर्भासह यायला हवेत, असे मला मनापासून वाटते.

वीजतारांवरील दळणवळणाच्या आयईईई 1901 मानकातील वेव्हलेट ओएफडीएम कोसाइन-मॉड्युलेटेड फिल्टर बँकेवर (एकाच फिल्टरला वेगवेगळ्या कोसाइन तरंगांनी गुणून बनवलेल्या फिल्टरसंचावर) उभे आहे. तशी बँक या लायब्ररीत नाही, ती स्वतः लिहावी लागेल.