अॅडॅप्टिव्ह सराव की चॅट-ट्यूटर: ऑनलाइन शिकताना काय निवडावं?

'एआय तुमच्या गतीने शिकवतं' असं हल्ली प्रत्येक प्लॅटफॉर्म सांगतो. पण त्यामागे दोन अगदी वेगळ्या पद्धती असू शकतात.

अॅडॅप्टिव्ह सरावाची, म्हणजे तुमच्या उत्तरांनुसार पुढचे प्रश्न बदलत जाणारी, पद्धत जुनी. कॉर्बेट आणि अँडरसन या संशोधकांनी १९९५ मध्ये मांडलेलं 'नॉलेज ट्रेसिंग' हा तिचा एक पाया. विषय छोट्या छोट्या कौशल्यांत विभागायचा आणि दर उत्तरानंतर ते कौशल्य आलं असण्याची शक्यता नव्याने मोजायची. ठोकताळ्याने बरोबर आलेलं उत्तर आणि येत असूनही झालेली चूक, दोन्ही त्यात हिशेबात धरतात. शिकवण्याची बाजू शिक्षणतज्ज्ञ ब्लूम यांच्या मास्टरी लर्निंगची: पायरी पक्की झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

चॅट-ट्यूटर भाषा-मॉडेलवर, म्हणजे प्रचंड मजकुरावरून शिकून वाक्यं रचणाऱ्या एआयवर चालतो. कशावरही बोलतो, आणि चुकीचंही तितक्याच ठामपणे सांगू शकतो.

समजा, विद्यार्थ्याने −३(क्ष − ४) सोडवून −३क्ष − १२ लिहिलं. चांगली अॅडॅप्टिव्ह प्रणाली चिन्हाची चूक पकडते, सूचना देते, तशीच आणखी गणितं पुढे करते. पण 'ऋण गुणिले ऋण धन का?' असं विचारायची सोयच बहुतेक वेळा नसते. चॅट-ट्यूटर ते चार तऱ्हांनी समजावेल. मात्र 'सोडवून दे' म्हटलं की सोडवूनही देईल. खरी गोम इथेच आहे. तुर्कस्तानातल्या सुमारे हजार शाळकरी मुलांवर झालेल्या प्रयोगात साधा चॅटबॉट वापरणाऱ्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्के सुधारली, पण तो काढून घेतल्यावर परीक्षेत ती चॅटबॉट कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्के मागे पडली. उत्तराऐवजी फक्त सूचना देणाऱ्या चॅटबॉटने हे नुकसान जवळजवळ भरून काढलं.

म्हणून बीजगणित, व्याकरण असे पायऱ्यापायऱ्यांचे विषय नवख्याने शिकायचे असतील तर मी डोळे झाकून अॅडॅप्टिव्ह सराव घेईन. निबंध, मुलाखतीची तयारी, परभाषेत संभाषण यांसाठी चॅट बरा, तोही उत्तर हातात न देणारा. 'तुमची लर्निंग स्टाइल (तुम्ही पाहून शिकता की ऐकून) ओळखतो' या जाहिरातीला मात्र भाव देऊ नका. तसं शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही.

पैसे भरण्याआधी ट्रायलमध्ये एकच चूक मुद्दाम तीनदा करून पाहा. पुढचा प्रश्न बदलला नाही, तर 'पर्सनलाइज्ड' फक्त पाटीवर आहे.