'हाय फायबर' डायजेस्टिव बिस्किटं : चव बरी, पण पाकीट उलटं करून वाचा

बाबांना शुगर निघाल्यापासून आमच्या किराण्याच्या यादीत ही बिस्किटं फिक्स झालीत. पाकिटावर मोठ्ठं 'हाय फायबर' (म्हणजे भरपूर तंतुमय पदार्थ), बाजूला गव्हाच्या ओंब्या, त्यामुळे घरात सगळ्यांची ठाम समजूत की ही कितीही खाल्ली तरी चालतात. कंपनीचं नाव घेत नाही कारण रॅकवरची शेजारची पाकिटं पण बघितली, थोड्याफार फरकाने तोच प्रकार.

चवीबद्दल तक्रार नाही हां. खुसखुशीत, किंचित खारट, कोंड्याचा खरखरीतपणा जिभेला लागतो तो मला आवडतो. चहात मात्र टिकत नाही, बुडवलं की अर्धं कपाच्या तळाशी, मग चमच्याने गाळ काढत बसा. चवीला ५ पैकी साडेतीन.

आता मागची बाजू. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे पहिलं नाव ज्याचं तेच सगळ्यात जास्त. इथे पहिला मैदा, मग पामतेल, मग साखर आणि त्यानंतर कुठे गव्हाचा कोंडा. तपकिरी रंगात कॅरॅमल कलरचा पण हात आहे बरं का! मग हाय फायबर लिहितात कसं? तर एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्न सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमात १०० ग्रॅममागे ६ ग्रॅम फायबर असलं की तसं लिहिता येतं, झालं. आपलं चक्कीवरचं न चाळलेलं गव्हाचं पीठ ११ ग्रॅमच्या आसपास, ज्वारी १०, पण दळणाच्या डब्यावर कोण ओंब्या छापणार.

डब्ल्यूएचओने २०२३ मध्ये सांगितलंय की मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला निदान २५ ग्रॅम फायबर जावं, तेही अन्नात मुळातच असलेलं. ते या बिस्किटांतून काढायचं म्हटलं तर ४०० ग्रॅमच्या वर खावी लागतील, म्हणजे साधारण २००० कॅलरी, दिवसभराचं जेवण त्यातच उरकलं की!

फायबरचे फायदे खोटे नाहीत. विरघळणारं फायबर पोटात जेलीसारखं होतं, त्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते, कोलेस्टेरॉललाही थोडा लगाम बसतो, आणि कोंड्यातलं न विरघळणारं पोट साफ ठेवतं. पण त्याच घासात मैदा आणि साखर पण जात असेल तर शुगरवाल्या माणसाला त्याचं काय कौतुक?

सध्या चार वाजता बाबांसमोर सालासकट फुटाणे नाहीतर पेरू ठेवते, रात्री ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ. कुरकुर चालूच आहे. फायबर एकदम वाढवू नका मात्र, पोट गच्च होतं आणि गॅस धरतो, हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर प्या.

दाव्याला ५ पैकी १. घ्यायचीच असतील तर पहिला घटक गव्हाचा आटा असलेली शोधा, मिळतात, जरा महाग पडतात, आणि साखरेचा आकडा तिथेही बघाच.