थेट तोलून द्रावण करावं, की स्टॉकमधून पातळ करून?

०.१ मोलार (लिटरमध्ये ०.१ मोल पदार्थ असलेलं) द्रावण हवं असेल तर दोन वाटा असतात. पदार्थ तोलून विरघळवायचा आणि फ्लास्कच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं, किंवा तीव्र स्टॉकमधून (आधीच करून ठेवलेल्या दाट द्रावणातून) पिपेटने थोडं घेऊन पातळ करायचं. कोणती वाट धरायची हे ठरवताना मी आधी एकच गोष्ट पाहते: हा पदार्थ तराजूवर स्थिर राहतो का?

पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट राहतो. ११० ते १२० अंशांवर दोन तास वाळवून डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड केला की तराजूचा आकडा जागचा हलत नाही. रेणुवस्तुमान २०४.२२. म्हणजे २५० मिलीलिटर ०.१ मोलार द्रावणासाठी ५.१०५५ ग्रॅम लागतील. इथे नेमका तोच आकडा गाठण्यासाठी चमच्याच्या टोकाने कणकण टाकत-काढत बसू नका. ५.११३२ ग्रॅम आलं तर तेच वहीत लिहा आणि संहती (द्रावणाची तीव्रता) ०.१००१५ मोलार धरा. अशा पदार्थासाठी थेट तोलणंच उत्तम. वाळवलेलं सोडियम कार्बोनेट आणि पोटॅशियम डायक्रोमेटही याच रांगेतले.

सोडियम हायड्रॉक्साइडचं तसं नाही. पांढऱ्या गोळ्या वॉच ग्लासवर घ्या आणि मिनिटभर नुसतं बघा. कडा चमकू लागतात, गोळ्या एकमेकींना चिकटतात, आणि तराजूवरचा शेवटचा आकडा हळूहळू वर सरकत राहतो. हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही त्यात शिरत असतात. एका लिटरसाठी ४.००० ग्रॅम अगदी काटेकोर तोललं तरी त्यात खरं सोडियम हायड्रॉक्साइड किती आहे हे तराजू सांगू शकत नाही. म्हणून ते साधारण तोलायचं, उकळून थंड केलेल्या पाण्यात विरघळवायचं आणि थॅलेटविरुद्ध टायट्रेशन करून, म्हणजे थॅलेटच्या माहीत संहतीच्या द्रावणाशी अभिक्रिया पुरी व्हायला किती लागतं ते ब्युरेटने मोजून, खरी संहती काढायची. विरघळताना द्रावण चांगलंच तापतं. ते खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरू नका, कारण फ्लास्कवरची खूण सहसा २० अंशांसाठी असते.

तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल तोलायच्या भानगडीत कोणी पडत नाही, ते पातळच करतात. ३७ टक्क्यांचं आम्ल साधारण १२ मोलार असतं, म्हणून लिटरभर ०.१ मोलारसाठी सुमारे ८.३ मिलीलिटर पुरतं. इथे मेजरिंग सिलिंडर चालतो. बाटलीतलं आम्ल नेमकं किती टक्के आहे हेच पक्कं नसताना पिपेटच्या अचूकतेचा काही उपयोग होत नाही. टायट्रेशन नंतर करायचंच आहे. आणि आम्ल नेहमी पाण्यात, ढवळत, हळूहळू. सल्फ्युरिकच्या बाबतीत तर यात कुणालाही, कधीही सूट नाही.

स्टॉकची वाट खरी कामाला येते ती फार कमी संहती हवी असते तेव्हा. समजा १०० मिलीलिटर द्रावण हवं आहे, लिटरला १० मिलिग्रॅमचं. थेट करायचं तर १ मिलिग्रॅम तोलावा लागेल. तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचत असेल तर एका अंकाची चूक म्हणजे सरळ १० टक्के. त्याऐवजी १ ग्रॅम तोलून लिटरभर स्टॉक करा. तीच एका अंकाची चूक आता ०.०१ टक्क्यावर येते.

स्टॉक कसा पातळ करायचा, इथेही निवड आहे, आणि बरेच जण इथेच चुकतात. १ मिलीलिटर घेऊन एका दमात १०० पट करायचं, की १० मिलीलिटर घेऊन १०० करायचं आणि तेच पुन्हा एकदा? टप्पे वाढले की चूक वाढते, हे खरं. पण 'ए' दर्जाच्या १ मिलीलिटर पिपेटमध्ये ०.००८ मिलीलिटर इकडेतिकडे चालतं, म्हणजे ०.८ टक्के. १० मिलीलिटर पिपेटमध्ये ०.०२, म्हणजे ०.२ टक्के. फ्लास्कची ०.१ टक्का चूक दोन्ही टप्प्यांत धरली तरी दोन टप्प्यांची मिळून चूक साधारण ०.३ टक्के होते. घाई नसेल तर मी दोन टप्पेच घेते. फक्त इतकी पातळ द्रावणं साठवून ठेवू नका. पदार्थ काचेला धरून राहतो आणि संहती उतरते. रोज ताजी करा.

खुणेच्या वर पाणी गेलं तर ड्रॉपरने जादा काढून घेऊ नका. त्या थेंबाबरोबर द्राव्यही जातं. द्रावण टाकून द्या आणि नव्याने करा.

आता समजा द्रावण झालं, पण टायट्रेशनमध्ये ०.१०३६ निघालं. ते बरोबर ०.१ करायचं, की आहे तसं ठेवून फॅक्टर (खरी संहती भागिले हवी असलेली) लावायचा?

९४० मिलीलिटर शिल्लक असेल तर ३३.८ मिलीलिटर पाणी घालावं लागेल. हिशोब सोपा आहे. संहती कमी निघाली तर मात्र सांभाळा. ९४० मिलीलिटर ०.०९७० मोलार आहे आणि हाताशी १ मोलार आहे. कमी पडलेले २.८२ मिलिमोल म्हणून २.८२ मिलीलिटर घातलं तर ०.०९९७ वरच अडकाल, कारण घातलेल्या द्रावणाने आकारमानही वाढलं. खरं उत्तर ३.१३ मिलीलिटर आहे. आणि दोन्ही प्रकारांत, दुरुस्तीनंतर टायट्रेशन पुन्हा करावंच लागतं.

म्हणून मी फॅक्टरच्या बाजूची आहे. १.०३६ लिहून ठेवा. ब्युरेटवर १८.४० वाचलं तर ते १९.०६ धरा, झालं. एका गुणाकारासाठी बाटलीभर द्रावणाला पुन्हा हात लावावा असं मला वाटत नाही. दुरुस्तीचे कष्ट घ्यावेत ते दोनच वेळी: लेखी पद्धतीत संहतीची मर्यादा घालून दिलेली असेल तेव्हा, किंवा एकच बाटली पाच-सहा जण वापरत असतील आणि त्यातला एखादा फॅक्टर लावायला विसरेल अशी भीती असेल तेव्हा. कोणतीही वाट धरा, लेबलवर मोजलेली संहती, तारीख आणि कशाविरुद्ध टायट्रेशन केलं ते लिहा. नुसतं '०.१ मोलार' लिहिलेली बाटली हाती आली तर मी ती पुन्हा टायट्रेट केल्याशिवाय वापरत नाही.