पहाटे साडेपाचचं सबमिशन: वर्गाचं कॅलेंडर, चार महिने वापरून

काल पहाटे रूममेटने माझा फोन बादलीत टाकायची धमकी दिली, म्हणून आज हे लिहायला बसलोय.

वर्गातल्या दोघांनी मिनी प्रोजेक्ट म्हणून केलेलं हे असाइनमेंट कॅलेंडर जानेवारीपासून वापरतोय. सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, तारीख टाकतो, ज्याला त्याला आपल्या बॅचचं तेवढंच दिसतं. रंग बरे आहेत. व्हॉट्सॅप ग्रुपवरची 'जर्नल कोणाचं? कधी?' ही रोजची बोंब मात्र खरंच थांबली.

पण ते साडेपाच! सीआरने वेळ न टाकता नुसती तारीख टाकली की मुदत त्या दिवशी पहाटे 5:30 ची दिसते आणि फोन तेव्हाच कोकलतो. कारण शोधायला मला दोन महिने लागले. नुसती तारीख दिली की जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा ती यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, मध्यरात्र धरते, आणि आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे ग्रिनिचच्या घड्याळात बारा वाजणार आणि झोप आमची उडणार.

टेस्टिंग केलं नव्हतं असंही नाही. टेस्टिंगला बसवलेल्या पाच जणांत मीही होतो. टेस्टिंगला पाच वापरकर्ते पुरतात असं वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी 2000 साली लिहिलंय, ते स्लाइडवर मोठ्या अक्षरात होतं. बनवणाऱ्या दोघांनी आम्हाला भर दुपारी कँटीनमध्ये बसवलं, 'पुढचं सबमिशन शोध' म्हणाले, वीस मिनिटांत चहा पाजून मोकळे. सगळ्यांना सापडलं. सापडणारच, तारखा यांनीच वेळेसकट भरून ठेवल्या होत्या. तारखा टाकायचं काम सीआरचं, आणि सीआर त्या पाचांत नव्हताच! शिवाय त्या वीस मिनिटांत पहाट कुठून होणार?

मार्चपर्यंत दोनच स्टार देणार होतो. मग एकदा जाग आलीच आहे तर म्हणून राहिलेले दोन प्रयोग लिहून काढले. आठला झेरॉक्सवाल्याने शटर वर केलं तेव्हा रांगेत मी एकटा. तेव्हापासून एकही जर्नल लेट गेलेलं नाही. चार स्टार.

काल रूममेटचं प्रकरण दोघांच्या कानावर घातलं. "अरे, कधीच दुरुस्त केलंय, आता रात्री 11:59 दाखवतं. अपडेट मार ना."

अजून मारलेलं नाही. परवा सबमिशन आहे. रूममेटला सांगू नका.